वोलोग्दातला 'ओ' म्हणे गावंढळ!

मनकवडी: रशिया-सहलीच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, "वोलोग्दात चक्क 'ओ' अक्षराचं शिल्प! गावंढळ उच्चारांचंही स्मारक, धन्य आहे." डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतेय. अहो, रशियनमध्ये दूध लिहितात 'मोलोको'. मॉस्कोवाले 'मलाको' म्हणून उरकतात, तिकडे उत्तरेत वोलोग्दाकडचे तिन्ही 'ओ' खणखणीत म्हणतात. 2012 पासून शिल्प उभं आहे, लोक त्या गोलात बसून फोटो काढतात. कुणाचं काय बिघडलं?

तिरसट: ते वाक्य माझंच. रशियन पंडित लोमोनोसोव तर तुमच्याच उत्तरेचा, अर्खांगेल्स्ककडचा. 1755च्या व्याकरणात त्यानेच मॉस्कोचा 'अ' जास्त गोड ठरवलाय.

मनकवडी: राजधानीत बस्तान बसलं की तिथलं सगळंच गोड लागतं. रेडिओ-निवेदक लेवितानचं बघा. व्लादिमीरचा पोरगा, मॉस्को रेडिओवर यायचं तर आधी 'ओ' घासून काढावा लागला.

सोलापूरकरीण: माझी लेक तिकडे डॉक्टरकी शिकत होती. घरमालकीण आजी वोलोग्दाची. तिच्याकडून 'खोरोशो' (म्हणजे 'छान') उचललं, तर वर्गात बाईंनी सगळ्यांसमोर नक्कल केली. पोर आठवडाभर तोंड उघडेना.

तिरसट: वाईट झालं, पण परीक्षेत 'खराशो'च लागतं. बाईंनी शिकवायचं तरी काय?

सोलापूरकरीण: नक्कल न करता शिकवता येतं!

खडूस_आजोबा: अक्षरांचा एवढा पुळका आहे तर रशियन 'यो' अक्षराचं (Ё) बोला. उल्यानोव्स्कमध्ये 2005 साली त्याचंही शिल्प झालं, आणि छापताना वरचे दोन ठिपके सर्रास गाळतात, की झाला 'ये'. म्हणून आपल्याकडे जन्मभर 'ख्रुश्चेव्ह', 'गोर्बाचेव्ह'. ख्रुश्चोव! गर्बाचोव!!

तिरसट: आजोबा, मराठीत रुळलं ते बरोबर. उद्या मॉस्कोचं 'मस्क्वा' लिहायला लावाल.

खडूस_आजोबा: लावीनच! चाळीस वर्षं वर्तमानपत्रांना पत्रं पाठवतोय, एकाने छापलं नाही.

बोरूबहाद्दर: छापतील कसं, दर पत्रात संपादकाची अक्कल काढत असाल.

खडूस_आजोबा: तुमची काढली का अजून?

बोरूबहाद्दर: काढा की. तोवर तिरसटरावांना एक विचारतो. मॉस्कोचा उच्चार साधारण 'लमनोसफ' होतो. तुम्ही चारही 'ओ' ठणठणीत लिहिलेत. मराठीतून रशियन नावं घेताना आपण सगळेच वोलोग्दाकर.

तिरसट: बरं, राहू द्या तुमचं शिल्प. माझाही फोटो काढा त्यात बसवून. पण 'गर्बाचोव' मी मेलो तरी लिहिणार नाही.

खडूस_आजोबा: मग 'गोर्बाचोव' तरी लिहा!