वजन बेताचं म्हणून निर्धास्त राहू नका
माणूस बारीक असूनही शुगर कशी काय निघते, असा प्रश्न पडला असेल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम जरूर बघा. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सेम, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! ही लपलेली चरबीच पुढे डायबेटिस आणि हार्टला नडते. आणि हे जन्मापासूनच असतं हो, पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि पुढे त्यांची बाळं यांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं बी१२ चं वाटतं, म्हणजे मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांतून मिळणारं जीवनसत्त्व. आईचं बी१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फोलिक अ‍ॅसिडवालं जीवनसत्त्व) जास्त, अशांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, ती डायबेटिसकडे नेणारी अवस्था) सगळ्यात जास्त दिसला. आपल्याकडे गरोदरपणात फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतातच, त्या बंद करू नका, पण घर शाकाहारी असेल तर बी१२ पण तपासायला डॉक्टरांना सांगा प्लीज.