रोजनिशी लिहिताना हातात स्फटिक असावा का?

गोदाकाठची

क्रिस्टल घेऊन रोजनिशी लिहिणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. विज्ञाननिष्ठ मंडळी म्हणतात, ही नवी अंधश्रद्धा. देवाधर्माचं करणारे म्हणतात, आपली जपमाळ असताना ही परदेशी थेरं कशाला? दोघांनाही उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून हा धागा. आमचा काही बायकांचा लिहिण्याचा गट आहे, गंगापूर रोडला एकीच्या घरी भरतो, आणि लिहायला बसताना प्रत्येकीच्या हातात एक खडा असतो.

आधीच स्पष्ट करते. खड्याने आजार बरा होतो, पैसा येतो, लग्न जुळतं, यातलं मी काहीही मानत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या बाईला घरात स्वतःचं टेबल नाही आणि दार लावून बसायला खोली नाही, तिला "आता माझा वेळ सुरू झाला" हे स्वतःला आणि घराला सांगण्यासाठी काहीतरी खूण लागते. आमच्यातली एक जण स्टिलबाइट या खनिजाचा तुकडा स्वयंपाकाच्या ओट्यावर खिडकीत ठेवते. तो तिथून उचलून जेवणाच्या टेबलावर आला की घरातल्यांना समजतं, आता अर्धा तास हाक मारायची नाही. नुसत्या वहीने हे होत नव्हतं. वही उघडी दिसली की "काय हिशोब चाललाय?" म्हणत कोणीही डोकावतं.

दुसरी गोष्ट हाताची. पहिलं वाक्य सुचत नाही तेव्हा हात फोनकडे जातो. त्या हातात खडा दिला की तो थांबतो. आम्ही सुरुवातच खड्याच्या वर्णनाने करतो: थंड आहे का, कड कुठे बोचते, उजेड कुठून आत शिरतो. समोरचं लिहिता लिहिता पेन मोकळं होतं आणि मग मनातलं कागदावर येऊ लागतं.

आणि परदेशी म्हणाल तर आमच्याकडचे बहुतेक खडे नाशिकचेच आहेत. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींमधले अपोफिलाइट आणि स्टिलबाइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा. आपल्याच मातीतला दगड हातात घेऊन स्वतःबद्दल लिहिलं तर त्यात गैर काय आहे?

काळाकातळ

ताई, मी भूविज्ञान शिकवतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने आनंद झाला. हे खडे तयार कसे झाले ते सांगतो, कारण माझ्या मते विचार करायला लावण्याची ताकद त्यातच आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून गरम, क्षारयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट नावाच्या खनिजकुळातली मंडळी. अपोफिलाइट त्या कुळातला नाही, पण त्यांच्या सोबतीने सापडतो. खडीसाठी बेसाल्ट, म्हणजे हा लाव्हाचा काळा खडक, फोडताना एखादी पोकळी उघडते आणि आतला स्फटिक पहिल्यांदा उजेड पाहतो.

आता विरोधाचा मुद्दा. तुमचा गट काही दावे करत नाही, पण बाजार करतो. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. "क्वार्ट्झ कंप पावतो, म्हणून तुमची कंपनं सुधारतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की राग येतो. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला पिझोइलेक्ट्रिक परिणाम, म्हणजे काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, तो खरा आहे. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो हेही खरं. पण तो ठरावीक आकारात कापलेला असतो आणि बॅटरीवरच्या सर्किटने त्याला हलवत ठेवलेलं असतं. वहीशेजारचा खडा नुसता पडून असतो. त्याचा तुमच्या मनाशी कसलाही विद्युत संबंध जुळत नाही.

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला होता. ८० जणांपैकी काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ दिला, काहींच्या हातात नकली. ऊब, मुंग्या, एकाग्रता असे अनुभव दोन्हीकडे सारखेच आले. काय जाणवू शकतं हे ज्यांना आधी ठसवून सांगितलं होतं त्यांना ते जास्त जाणवलं. म्हणजे अनुभव खोटा नव्हता, त्याचं श्रेय दगडाला देणं चुकीचं होतं.

स्फटिकसाधना

सर, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. पंचवटीत रामकुंडाकडे जाताना दुकानांत स्फटिकाच्या माळा टांगलेल्या दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्या माळेवर जप करत आली. ती सगळी फसली होती का?

माझे वडील गेले त्यानंतर मला दोन ओळीही लिहिता येत नव्हत्या. वही उघडली की रडू यायचं आणि मी मिटून ठेवायचे. ॲमेथिस्टचा जांभळा खडा जवळ ठेवू लागले आणि हळूहळू लिहिणं सुरू झालं. माझ्यासाठी तो खडा शांत करणाराच आहे. मी कोणावर लादत नाही. पण नकली दगडाने ८० जणांना काय वाटलं यावरून माझ्या आयुष्यात काय झालं ते ठरवू नका. मोजपट्टीत न मावणाऱ्या गोष्टी माणसाला सावरतात, आणि सावरलेल्या माणसाकडून पुरावा मागणं मला क्रूर वाटतं.

मनमोकळं_बोलू

स्फटिकसाधना ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहायला लागलात ही मोलाची गोष्ट आहे आणि ती तुमच्याकडून कोणी हिरावून घेत नाहीये.

मी समुपदेशनाचं काम करते. मला पुराव्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते. विकत घेतलेल्या खड्याबरोबर एक छोटं कार्ड येतं: रोझ क्वार्ट्झ म्हणजे प्रेम, सिट्रिन म्हणजे समृद्धी, ॲमेथिस्ट म्हणजे शांती. माणूस वही उघडतो तेव्हा त्याने काय शोधायचं ते आधीच छापून आलेलं असतं. नवऱ्यावर संताप आलाय, पण हातात "प्रेमाचा" खडा आहे म्हणून बाई क्षमेबद्दल लिहिते. संताप वहीत उतरतच नाही. ज्या कामासाठी वही घेतली तेच काम त्या कार्डामुळे अडतं. गोदाकाठची ताई, तुमच्या गटात अशी कार्डं आहेत का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता लिहिण्याबद्दल. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. विद्यार्थ्यांनी लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायचं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत तुलनेने कमी झाल्या. खडा कोणाकडेच नव्हता. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कार्यशाळांमध्ये कोणी सांगत नाही: लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जड झालं होतं.

म्हणून मला वाटतं, खड्याची जागा लिहिण्याच्या आधी नाही, नंतर आहे. अवघड लिहून झालं की छाती भरून येते, मन त्या जुन्या प्रसंगातच अडकून राहतं. तेव्हा हातातल्या वस्तूचं वजन, गारवा, खरखरीतपणा नीट जाणवून घेतला की माणूस पुन्हा समोरच्या खोलीत येतो. याला ग्राउंडिंग म्हणतात. किल्ली, सुपारी, पाण्याचा पेला, काहीही चालतं. मग खडाही चालेल. मात्र झोप पूर्ण उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही आणि खडा दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

डोंगर_वाचवा_नाशिक

सगळे मनाबद्दल बोलताहेत, डोंगराबद्दल कोणी बोलत नाही.

काळाकातळ सरांनी लिहिलं की पोकळी उघडते आणि स्फटिक उजेड पाहतो. ती पोकळी उघडते कशाने? सुरुंगाने. संतोषा आणि भागडीच्या डोंगरांची काय अवस्था झाली ते सारूळच्या बाजूला जाऊन बघा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या खोदकामावरून २०२१ मध्ये नाशिककरांनी आवाज उठवला होता, तो विसरलात का? डोंगर ब्रासच्या हिशोबाने विकला जातो, क्रशरची धूळ पिकावर आणि माणसांच्या छातीत बसते. त्यातूनच निघालेला तुकडा पुसून "निसर्गाशी नातं" म्हणून टेबलावर ठेवणं मला सहन होत नाही.

गुलाबी क्वार्ट्झ मादागास्करमधूनही येतो. तिथे गरीब माणसं हाताने खोदून तो काढतात. आत्मचिंतनच करायचं असेल तर पहिला प्रश्न हाच लिहा: हा दगड माझ्या हातात कोणाच्या श्रमातून आला?

काळाकातळ

खाणींबद्दलचा राग मलाही आहे. पण एक फरक करावा लागेल. नाशिक परिसरातले डोंगर खडीसाठी फुटतात, म्हणजे आपल्याच रस्त्यांसाठी आणि इमारतींसाठी. झिओलाइट त्या कामात ओघाने मिळतात. वेळेवर कोणी छिन्नी-हातोड्याने वेगळे काढले नाहीत तर तेही खडीत जातात. बायकांनी खडे घेणं थांबवल्याने एकही सुरुंग कमी होणार नाही. तुमचा लढा परवान्यांशी आणि बेकायदा खोदकामाशी आहे, आणि त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

खडे वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. बाजारातलं बरंचसं सिट्रिन म्हणजे तापवलेलं ॲमेथिस्ट असतं. ॲमेथिस्ट खूप दिवस कडक उन्हात ठेवलं तर रंग उतरतो. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, नखानेही ओरखडा पडतो आणि पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे "शुद्ध करायला" पाण्यात बुडवू नका. पिण्याच्या पाण्यात तर कुठलाच खडा टाकू नका. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, गॅलेनामध्ये शिसं, सिनाबारमध्ये पारा. आणि सुईसारखे, कापसासारखे दिसणारे तंतुमय स्फटिक घासू किंवा फुंकरू नका. एरिओनाइट नावाच्या तंतुमय झिओलाइटची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

डोंगर_वाचवा_नाशिक

सर, "ओघाने मिळतात" हे मान्य, पण त्या ओघालाही भाव असतो. चांगल्या नमुन्याला परदेशात मोठी किंमत येते, आणि किंमत आली की खोदायला आणखी एक कारण मिळतं. फोडणाऱ्या मजुराला त्यातलं काय मिळतं, ते एकदा विचारा.

आजोळ_निफाड

मला एक साधी शंका आहे. कुठलाही दगड चालत असेल तर विकत का घ्यायचा? गोदावरीच्या पात्रातला गोटा का नको? आणि विकतचाच हवा असेल तर मग तो "कुठलाही दगड" राहिला नाही, तुम्ही त्याच्यात काहीतरी मानताच. दोन्ही एकदम म्हणता येणार नाही.

गोदाकाठची

शंका रास्त आहे. गोटा चालतो. गटात दोघींकडे गोटेच आहेत. पण मी स्टिलबाइट निवडते कारण त्यात पाहण्यासारखं खूप आहे: फिकट गुलाबी-नारिंगी पानं, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखी जुडी, दिवा हलवला की बदलणारी चमक. पाच मिनिटं एकाच वस्तूकडे पाहत राहायचं तर ती वस्तू पाहण्याजोगी हवी. सौंदर्याला शक्ती म्हणायची गरज नाही, आणि सुंदर आहे म्हणून ते सोडायचीही गरज नाही.

मनमोकळं ताई, कार्डं आमच्याकडे नाहीत. खड्याचा अर्थ कोणी कोणाला सांगत नाही. जी ती आपल्या खड्याला स्वतःचा प्रश्न जोडते आणि प्रश्न बदलता येतो. एकीने "मी कोणाला घाबरते?" हा प्रश्न घेतलाय, कितीतरी आठवडे त्याच्यावरच लिहितेय. तुमची "नंतर" वाली गोष्ट मात्र मी पुढच्या बैठकीपासून घेणार. लिहून झाल्यावर आमच्याकडे लगेच चहा आणि गप्पा सुरू होतात, आणि काही जणी तेव्हा गप्प गप्प असतात. त्यांना सावरायला वेळ मिळायला हवा.

खाणीबद्दल: नवा खडा विकत घ्यायचा नाही, आहेत तेच आपसात बदलायचे, असं मी सुचवणार आहे. मजुराच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही आणि तो टाळणार नाही.

स्फटिकसाधना

ताई, तुम्ही खड्यातून सगळं काढून घेतलंत, फक्त रूप ठेवलंत. माझ्यासाठी तो तेवढाच नाही. मी जप करून लिहायला बसते, आणि मला जे मिळतं त्याला मी कृपा म्हणते. मनमोकळं ताईंचा मुद्दा पटला, छापील कार्ड मीही मानणार नाही. पण श्रद्धा काढून टाकली की माझ्या वहीत काही उरणार नाही.

मनमोकळं_बोलू

श्रद्धा ठेवा, ताई. माझा विरोध ती विकण्याला आहे. एका ओळखीच्या मुलीला दहावीच्या परीक्षेआधी "अभ्यासाचा खडा" म्हणून महागडा तुकडा दिला गेला, सोबत भीती घालवण्यासाठी लिहिण्याची वही. परीक्षेला खडा घरी राहिला तर काय, या नव्या भीतीने ती रडत होती. आणि कोणी खड्याने मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करत असेल, तर १९५४ चा औषधी व जादूई उपचार कायदा अशा जाहिरातींना बंदी घालतो. तक्रार करता येते. गोदाकाठची ताई, तुमच्या गटात उद्या कोणी खडे विकायला आलं तर?

गोदाकाठची

दारातूनच परत पाठवेन. आणि दहावी-बारावीच्या मुलांना तर फक्त वही द्यायची, खडा नाही. त्यांच्या हातात आधीच खूप काही ठेवलेलं असतं.

स्फटिकसाधना

मुलांच्या बाबतीत सहमत. माझ्या बाबतीत नाही.