फ्लोरिडा, नोव्हेंबर २०००: तेव्हा तुम्ही कुठे होतात?

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. रिपब्लिकन बुश २९,१२,७९०. डेमोक्रॅट गोर २९,१२,२५३. फरक ५३७, आणि तेवढ्यावर राज्याची २५ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरतो तो या मतांवर), म्हणजे अख्खं अध्यक्षपद. कोण जिंकायला हवं होतं हा वाद इथे नको. पाहिलेलं, ऐकलेलं लिहा.

*

आम्ही पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) होतो. ग्रीन कार्डवाले, त्यामुळे मत नव्हतंच. शेजारच्या ज्यू आजी मतदान करून आल्या त्या रडवेल्या होऊनच. मतपत्रिकेवर दोन्ही बाजूंना नावं, मधे भोकांची एकच रांग. डावीकडे गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजवीकडच्या ब्यूकॅननचं, म्हणजे रिफॉर्म या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं. म्हाताऱ्यांना अक्षर मोठं दिसावं म्हणून नावं दोन पानांवर पसरली होती म्हणे! त्या काउंटीत ब्यूकॅननना ३,४०७ मतं पडली. दोन-दोन भोकं पाडल्यामुळे सुमारे १९ हजार बाद झाली, ती वेगळीच.

*

मी पुण्यात. सकाळी चहाच्या वेळी टीव्हीवर गोर जिंकलेले, जेवायच्या वेळी बुश, अडीचला कुणीच नाही. बाबा शिक्षक, इलेक्शन ड्यूटी करून केस पिकलेले. शिक्का रेषेवर पडला की प्रतिनिधी कसे भांडतात हे त्यांना पाठ. अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे भिंगातून तपासणारा अधिकारी पाहून ते खूश झाले. म्हणाले, "चला, यांच्याकडेही आहे तर!" प्रत्येक काउंटीची मतपत्रिका वेगळी, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

*

मी प्रोग्रामर, म्हणून मला आठवते ती व्होलुशिया काउंटी. एका केंद्राचा आकडा चढवताना गोर यांची मतं १६,०२२ने *कमी* झाली. उणे मतं! चूक त्याच रात्री सुधारली, पण पहाटे दोनच्या सुमारास वाहिन्यांनी बुश यांना विजयी ठरवलं त्यात या आकड्याचाही हात होता. वजा संख्या नाकारायची साधी तपासणी कुणी घातली नव्हती, याचं मला अजून नवल वाटतं.

*

गेन्सव्हिलला शिकत होतो. निम्मे मित्र नेडरवाले, म्हणजे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरचे समर्थक. राज्यात नेडरना ९७,४८८ मतं पडली. त्यांनी गोर यांची मतं खाल्ली का, यावरून पुढचं सबंध सत्र आमच्या स्वयंपाकघरात भांडणं.

*

धागाकर्ता: छान येतंय. मायामी-डेड काउंटीने २२ नोव्हेंबरला मतांची हाताने चाललेली फेरमोजणी थांबवली, तेव्हा तिथे कुणी होतं का? आणि १२ डिसेंबरच्या रात्री, फेरमोजणी थांबवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या ५-४ निकालाची पानं उलटत कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे असलेले वार्ताहर टीव्हीवर पाहिलेले तर बरेच असाल. लिहा.