न्यू जर्सी: दुकानाला बंदी, डिलिव्हरीला नाही

बऱ्याच जणांना वाटतं की टाउनशिपने (म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाने) ठराव करून नाही म्हटलं की गांजाच्या कायदेशीर दुकानाचा विषय संपला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तरी तसं नाहीये. दुकानाला बंदी घालता येते हे खरं, पण दुसऱ्या गावातल्या लायसन्सवाल्या दुकानातून तुमच्या गावात घरपोच डिलिव्हरी होणार असेल तर ती टाउनशिपला अडवता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, आणि २ टक्क्यांपर्यंतचा लोकल टॅक्स लावायचा अधिकार मात्र दुकान ज्या गावात आहे त्यालाच.

आणि बंदीच्या ठरावाला मुदतही होती. २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत ज्या गावांनी बंदीचा ठराव केला नाही ती पाच वर्षं अडकली, त्या पाच वर्षांत त्यांना बंदी घालता येत नाही. उलट बंदी घातलेल्या गावाला परवानगी द्यायची झाली तर कधीही देता येते. अर्थात अडकलेल्या गावांच्याही हातात बरंच असतं, दुकानं किती, कुठल्या झोनमध्ये, किती वाजेपर्यंत उघडी, हे काउन्सिलच ठरवते. आमच्याकडच्या मीटिंगमध्ये सगळे फक्त हवं की नको यावरच तावातावाने बोलत होते, शाळेपासूनचं अंतर, पार्किंग याबद्दल कुणी विचारलंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्याकडे सुनावणी असेल तर हे प्रश्न प्लीज विचारा.