वेगमर्यादा पाळायची, की स्वतःच्या अंदाजावर गाडी चालवायची?

मोकळा_रस्ता

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या द्यायला सोपं जाईल. वेगमर्यादेची पाटी हा सल्ला असावा, हुकूम नसावा.

पाटीला डोळे नसतात. भर दुपारी कोरडा रस्ता, पुढेमागे चिटपाखरू नाही, दोन किलोमीटरवरचं लख्ख दिसतंय, तरी ती ८० म्हणणार. रात्री धुकं उतरलंय, डांबर ओलं आहे, वळणावर खडी पसरलीय, तरी ८०च. पहिल्या वेळी हा आकडा हास्यास्पद आहे आणि दुसऱ्या वेळी जीवघेणा. धुक्यात ४०वर यायचं हे मला कुठली पाटी सांगत नाही, माझं मीच ठरवतो. मग खाली यायला माझ्या अंदाजावर विश्वास आहे, तर वर जायला का नाही?

शिवाय मर्यादा नेहमी सुरक्षिततेसाठीच लावतात असंही नाही. अमेरिकेत १९७४ साली देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, ही मर्यादा आली ती तेलटंचाईमुळे, पेट्रोल वाचवायला. १९९५ साली ती रद्द झाली. मधल्या वीस वर्षांत तिथल्या लोकांनी ती किती पाळली हे जगजाहीर आहे. तिथल्याच इंजिनिअरांची मर्यादा ठरवायची एक जुनी रीत आहे : मोकळ्या रस्त्यावर गाड्यांचे वेग मोजायचे, शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतील तो आकडा धरायचा आणि त्याच्या आसपास पाटी लावायची. म्हणजे पाटी मुळात चालकांच्या अंदाजातूनच निघते, आणि मग त्याच चालकांना दम देते!

आणि हो, जर्मनीचे ऑटोबान, म्हणजे तिथले द्रुतगती मार्ग, विसरू नका.

तिसरी_लेन

वाटच बघत होतो, जर्मनी कधी येते त्याची.

ऑटोबानवर सरसकट मर्यादा नाही हे खरं, पण बऱ्याच भागांवर कायमची किंवा वाहतुकीप्रमाणे बदलणारी मर्यादा असते. बाकीच्या भागांसाठी १९७८पासून ताशी १३० हा शिफारशीचा वेग आहे. त्याहून वेगात जायला दंड नाही. पण तसं जाताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असूनही नुकसानीचा काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. वर तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे, आणि वाहतूक तुंबलेली नसेल तेव्हा ती खरंच पाळली जाते. उगाच डावी लेन अडवून बसणाऱ्यालाही दंड होतो. ती सगळी शिस्त सोडून फक्त अॅक्सिलरेटर तेवढा उचलायचा, असं नाही चालत.

गणिताचे_मास्तर

मताचं नंतर बघू, आधी आकडे मांडतो. सातवीच्या पोरालाही जमेल असं गणित आहे.

५०च्या वेगात गाडी सेकंदाला १४ मीटर पळते, ६०च्या वेगात जवळजवळ १७. काहीतरी आडवं आलं हे मेंदूला कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतो. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक धरले तर ५०ची गाडी एकूण २८ मीटरमध्ये थांबते. आता त्याच जागी ६०ची गाडी काय करत असेल? थांबलेली नसेल हे उघडच आहे. तिचा वेग अजून ४० असतो.

पुन्हा वाचा. वरचा फरक फक्त दहाचा. पण जिथे पहिली गाडी पोराच्या पुढ्यात थांबली, तिथे दुसरी त्याला ४०च्या वेगाने उडवते.

मोकळा_रस्ता

मास्तर, हे ब्रेक कुठल्या जमान्यातले? आताच्या गाड्यांना एबीएस आहे, चांगले टायर आहेत, काही गाड्या तर स्वतःहून ब्रेक मारतात. मर्यादा मात्र आजोबांच्या गाडीच्या हिशोबाने!

गणिताचे_मास्तर

हा प्रश्न येणार हे धरूनच होतो. घ्या, उत्तमातले उत्तम ब्रेक घ्या. दोन्ही गाड्या आधी थांबतात, ५०वाली आता पंचवीसेक मीटरमध्येच. पण ती थांबते त्या जागी ६०च्या गाडीचा वेग किती उरतो? ४२. कमी नाही झाला, वाढला! कारण ब्रेक सुधारले, तुमचा एक सेकंद सुधारला नाही. त्या सेकंदात वाया गेलेले मीटर आता हिशोबात जास्त भरतात. आणि स्वतःहून ब्रेक मारणारी गाडी म्हणाल, तर तो सेकंद ती वाचवते तेव्हा वाचवते, पण तिच्या भरवशावर वेग वाढवलात की वाचलेलं सगळं परत खर्च.

शंकेखोर

मास्तरांचं गणित मान्य. पण रस्त्यावर एकटी गाडी नसते. सगळे १००ने चाललेत आणि मी एकटा ८० धरून बसलो तर धोका मीच आहे की नाही? डेव्हिड सॉलोमनचा १९६४चा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे. सरासरीपेक्षा फार वेगात जाणारे आणि फार हळू जाणारे, दोघांनाही अपघाताचा धोका जास्त, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख त्यात निघाला. मग ओघाबरोबर जाणं शहाणपणाचं नाही का?

तिसरी_लेन

त्या आलेखाची डावी बाजू फारशी टिकली नाही. हळू जाणाऱ्या गाड्यांत वळायला किंवा थांबायला वेग कमी केलेल्या गाड्याही धरल्या गेल्या होत्या. त्या वगळून पाहिलं तेव्हा हळू जाणाऱ्यांचा धोका बराच उतरला. १९९७ साली ॲडिलेडमध्ये ताशी ६०ची मर्यादा असलेल्या रस्त्यांवर अभ्यास झाला. त्यात हळू जाणाऱ्यांना जास्त धोका दिसला नाही. मात्र ६०च्या वर दर ५ किलोमीटरला, माणसं जखमी होतील अशा अपघातात सापडण्याचा धोका साधारण दुप्पट होत गेला. ६५ला दुप्पट, ७०ला चौपट.

आणि ओघ म्हणजे तरी काय? प्रत्येक जण ‘बाकीचे जातायत’ म्हणून जात असतो. पहिला कोण निघाला ते कुणालाच माहीत नसतं.

पादचारी

इथे सगळे स्टिअरिंगच्या मागून बोलतायत. जरा फूटपाथवर या.

मला रस्ता ओलांडायचाय. सात मीटर रुंद आहे, साध्या चालीने सहा सेकंद लागतात. नव्वद मीटरवर गाडी दिसतेय. ती ५०ने येत असेल तर मला साडेसहा सेकंद आहेत, पलीकडे पोचतो. ८०ने येत असेल तर चारच सेकंद आहेत. आता समोरून सरळ अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग ओळखून दाखवा बरं. धडधाकट माणसालाही तो धड कळत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर गाडी किती लांब आहे एवढंच बघतात आणि पाऊल टाकतात. ‘इथे गाड्या साधारण अमुक वेगाने येतात’ या सवयीवर आम्ही सगळे जगतो.

मोकळा_रस्ता, तुमचा अंदाज अचूक असेलही. पण तुम्ही काय अंदाज केलाय ते मला कसं कळणार? गल्लीतून गाडी बाहेर काढणाऱ्याला कसं कळणार? सायकलवर बसून मान वळवून मागे बघणाऱ्या पोरीला कसं कळणार? पाटीवरचा आकडा तुमच्या कौशल्याबद्दल नाहीच. तो आम्हाला दिलेला शब्द आहे, की यापेक्षा वेगात कुणी येणार नाही. तुम्ही किती छान चालवता याचा इथे काही संबंध नाही.

गणिताचे_मास्तर

पादचारी यांना शंभर पैकी शंभर.

छान चालवण्याचा विषय निघालाच आहे म्हणून : १९८१ साली ओला स्वेनसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना विचारलं, आपल्या गटात तुम्ही कितपत कुशल चालक आहात? अमेरिकेतल्या ९३ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी. वरच्या अर्ध्यात पन्नासच टक्के मावतात हो! (या धाग्यावर विचारलं तर आकडा शंभराला टेकेल.)

मोकळा_रस्ता

पादचारी, वस्तीतल्या रस्त्यावर तुमचा मुद्दा मान्य, वाद नाही. पण जिथे माणूस चालतच नाही, दुभाजक आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे, तिथे हा शब्द कुणाला दिलाय?

उलटं उदाहरण देतो. नेदरलँड्समध्ये हान्स मोन्डरमान नावाचे वाहतूक इंजिनिअर होऊन गेले. त्यांनी द्राख्तन गावातल्या गजबजलेल्या चौकातले सिग्नल आणि पाट्याच काढून टाकल्या. माणसं, सायकली, गाड्या, सगळे एकमेकांकडे बघून वाट काढू लागले आणि गाड्या आपोआप हळू झाल्या. माणसाला अक्कल वापरायला लावली की तो वापरतो. पाट्यांनी ती झोपवून ठेवलीय.

तिसरी_लेन

त्यांनी नुसत्या पाट्या नाही काढल्या, अख्खा चौक नव्याने बांधला. फरशी बदलली, कडा काढल्या, मधे वर्तुळ घातलं. तिथे वेगात जाताच येत नाही. हा चालकाच्या अंदाजावर टाकलेला विश्वास नाही, त्याला फसवून हळू करायची युक्ती आहे. छान युक्ती आहे, पण तुमच्या चार लेनच्या सरळसोट रस्त्यावर ती उलटी फिरते. रुंद, सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. हायवेवरून तासभर वेगात येऊन गावात शिरलं की ६० म्हणजे रांगतोय असं वाटतं, हे सगळ्यांनीच अनुभवलंय. तो तुमचा अंदाजच बोलत असतो.

कलमबहाद्दर

एका गोष्टीचं मला आश्चर्य वाटतं. मोकळा_रस्ता यांना जे हवंय ते एका राज्याने करून पाहिलंय, त्याचा उल्लेख कसा नाही?

अमेरिकेतलं मोन्टाना. १९९५च्या शेवटी देशभराची मर्यादा गेली तेव्हा या राज्यात गाड्यांसाठी दिवसाचा आकडाच उरला नाही. कायदा एवढंच म्हणायचा, की परिस्थिती बघून वाजवी आणि सावध वेगाने चालवा. शब्दशः तुमचं म्हणणं. मग एक गृहस्थ ताशी ८५ मैलांनी जाताना पकडले गेले. त्यांना ८५ वाजवी वाटत होते, पोलिसाला नाही. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९८च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना सोडलं आणि कायद्यातला तो भागच उडवला. कारण किती वेगाला गुन्हा म्हणायचं हे सामान्य माणसाला आधी कळायलाच मार्ग नव्हता. १९९९ साली पुन्हा आकडा आला, ७५ मैल.

तेव्हा एवढं लक्षात घ्या : आकडा गेला की तुमचा अंदाज एकटा उरत नाही, समोर पोलिसाचाही अंदाज उभा राहतो. वाद झाला तर कोण जिंकणार ते तुम्हीच सांगा. आकडा हा चालकाचाही बचाव आहे.

शंकेखोर

हे मला पहिल्यांदाच कळलं. माझं वजन थोडं सरकलं.

पण पाटीबद्दलची तक्रार उरतेच. ८० चालू असताना मधेच ३०ची पाटी, कारण कधीकाळी तिथे खोदकाम चाललं होतं. खोदकाम संपलं, पाटी राहिली. असल्या चार पाट्या बघितल्या की पाचवी खरी असली तरी माणूस बघत नाही. पुढे खरंच शाळा असते.

पादचारी

बरोबर. तशी पाटी काढायला लावायची. तिच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतलीत तर शाळेपुढची पाटी मरते, खोदकामाची नाही.

दहाचाकी

नमस्कार साहेब लोक. सगळं वाचलं. मी ट्रक चालवतो, मला तुमच्या दोन्ही बाजू थोड्या गमतीच्या वाटल्या.

तुमचं भांडण वरच्या बाजूचं आहे, ८० की १००. आमचं खालच्या बाजूचं असतं. माल भरलेला आहे, लांब उतार आहे, पाटी ६० सांगते. मी ६०ने उतरलो तर खाली पोचेपर्यंत ड्रम तापून ब्रेक धरेनासे होतील. तिथे मी ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरतो, इंजिनवर. ३०, कधी २०. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे पाहिलेत, त्यांचं काय होतं तेही पाहिलंय. तेव्हा अंदाज लागतोच, त्याशिवाय हा धंदा होत नाही. पण अंदाज पाटीच्या खाली चालवायचा. पाटीच्या वर चालवतो त्याला आम्ही अंदाज म्हणत नाही, घाई म्हणतो.

आणि घाई करून मिळतं काय? वीस किलोमीटरला ८०ने पंधरा मिनिटं, १००ने बारा. तीन मिनिटं. तेवढी टोलनाक्यावर जातात.

मोकळा_रस्ता

दहाचाकी, तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. कुंपण घातलेल्या रिकाम्या रस्त्यावर आकडा वर न्यावा, हवामानाप्रमाणे बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाट्या लावाव्यात, मग मी काटेकोर पाळीन. आंधळी पाटी मला अजूनही पटत नाही.

तोवर एक व्यवहाराचा प्रश्न. उद्या मी तुमचं ऐकून ८०वर निघालो. एकच लेन आहे, मागचा बंपरला चिकटलाय आणि डिपर मारतोय. करू काय?

गणिताचे_मास्तर

आधी एक बघा, तुम्ही खरंच ८०वर आहात का. बहुतेक देशांच्या नियमांत स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही असं आहे, थोडा जास्त दाखवला तर चालतो. काटा ८०वर असताना गाडी ७६ने चाललेली असू शकते.

दहाचाकी

मास्तरांचं चालू द्या. मागच्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका आणि त्याच्यासाठी पळूही नका. तुमच्या पुढे जी गाडी असेल तिच्याशी अंतर वाढवा, नेहमीच्या दुप्पट करा. पुढे काही झालं तर तुम्हाला जोरात ब्रेक मारता येणार नाही, हळूहळू मारावा लागेल, कारण मागच्याने स्वतःला थांबायला जागाच ठेवलेली नाही. त्याची जागा तुम्ही पुढे ठेवायची. रुंद जागा आली की बाजू दाखवा आणि जाऊ द्या त्याला.