अनुभव धागा: थायलंड २०१८ – थाम लुआंगची गुहा आणि त्या वर्षातलं बाकीचं

धागाकर्ता
माए साय गावात पाणी शिरल्याची चित्रफीत परवा सगळीकडे फिरत होती. चियांग राय प्रांतातलं, म्यानमारच्या हद्दीला चिकटलेलं गाव. नाव वाचलं आणि २०१८ आठवलं. २३ जूनला 'मू पा' म्हणजे रानडुक्कर या फुटबॉल संघाची १२ पोरं आणि २५ वर्षांचा त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत गेले, मागून पाऊस आला. २ जुलैला सापडले, ८ ते १० जुलैला बाहेर काढले. एवढं सगळ्यांना पाठ आहे. इथे पंपवाले, डॉक्टर, डायव्हिंगवाले बरेच आहेत, म्हणून विचारतोय: नेमकं काय केलं, कशाने, किती? आत्मचरित्र नको, माहिती टाका. त्या वर्षातलं थायलंडचं दुसरं काही असेल तर तेही चालेल.

विहिरीवरचा
पंपांनी गुहा रिकामी केली असं अजून लोक म्हणतात. ती रिकामी होणार नव्हतीच. चुनखडीचा डोंगर, वर पडलेला पाऊस भेगाभेगांतून आत उतरतो. हिशोब साधा: आत येतंय त्याहून थोडं जास्त उपसत राहायचं, म्हणजे तोंडापासून तिसऱ्या दालनापर्यंतचा रस्ता चालण्याजोगा राहतो. पाऊस वाढला की हिशोब उलटा.

एकूण उपसा १०० कोटी लिटरहून जास्त झाल्याची नोंद आहे. म्हणजे १० लाख घनमीटर. १४ दिवसांत वाटा, तासाला सुमारे ३,००० घनमीटर पडतात, तेही रात्रंदिवस. आपल्या विहिरीवरचा ५ एचपीचा पंप तासाला २०-३० घनमीटर ओढला तरी शाबासकी.

अडचण कुठे येते बघा. बाहेर बसवलेला पंप पाणी वर 'खेचत' नाही, हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्यामुळे सक्शन (पाणी पंपापर्यंत चढायची उंची) कागदावर १०.३ मीटर, प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या वर धरू नका. म्हणजे पंपच आत न्यायचा. आत नेला की वीज आत, म्हणजे लांब केबल, म्हणजे व्होल्टेज पडणार आणि मोटर तापणार. शिवाय ओल्या गुहेत अर्थिंग आणि वीजगळतीला तोडणारा ट्रिप चोख नसेल तर पाण्यात उभी असलेली माणसं धोक्यात.

सबमर्सिबल (पाण्यात बुडवायचा पंप) टाकला तर गाळाने जाळी बुजते, पंप कोरडा फिरतो, सील जळतं.

नाना_मोटरवाले
होजचंही लिहा की. तोच प्रवाह निम्म्या व्यासाच्या पाइपातून काढायला गेलात तर घर्षण जवळजवळ ३२ पट. पंप मोठा आणि होज बारीक, ही चूक सगळीकडे होते. त्यापेक्षा दोन होज समांतर टाका.

आणि टप्प्याटप्प्याने उपसताना मधल्या हौदावरचा पंप खालच्यापेक्षा किंचित मोठा हवा, फ्लोट स्विच (पातळीनुसार आपोआप चालू-बंद करणारा) लावून. लहान बसवला तर हौद वाहतो आणि उपसलेलं पाणी परत आत.

पलूसची_मी
कुणीच कसं लिहिलं नाही अजून?? किर्लोस्करवाडी! भारतीय दूतावासामार्फत किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं ५ जुलैपासून तिथे होती, पाणी कुठून कसं काढायचं याचा सल्ला द्यायला. आणि चार ऑटोप्राइम पंप इकडे वाडीत विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. 🙏

विहिरीवरचा
@पलूसची_मी बरोबर, राहिलंच. ऑटोप्राइमचा फायदा असा की सक्शनमधली हवा तो स्वतः काढून टाकतो. पाइपाच्या तळाची झडप म्हणजे फूट व्हॉल्व्ह नको, वरून बादलीने पाणी ओतून प्रायमिंग नको. पाण्याची पातळी वरखाली होते तिथे साधा पंप हवा धरतो आणि पाणी सोडतो, मग रात्री तीनला कुणीतरी उठून पुन्हा भरायचा.

रात्रपाळी
रात्री तीनलाच सोडतो, दिवसा कधी नाही. 😂 लाइट पण तेव्हाच.

झऱ्याचं_पाणी
नुसत्या पंपांनी भागलं नाही. डोंगरावरचे ओढे छोटे बांध घालून, पाइप टाकून बाजूला वळवले, ते काम जास्त मोलाचं. वरून एक लिटर अडवला की खाली एक लिटर उपसायचा वाचतो, तोही डिझेलशिवाय. उपसलेलं पाणी खालच्या भातशेतांत गेलं, लावणी बुडाली. सरकारने भरपाई देऊ केली, काही शेतकऱ्यांनी ती घेतली नाही.

भूलतज्ज्ञ_नाशिक
घाईत लिहितेय, ओपीडी आहे.

पोरांना पोहणं शिकवून आणलं असं अजून सांगतात, ते चूक. पूर्ण भूल देऊन आणलं. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ, स्वतः गुहेतले पाणबुडे. आधी भीती शमवणारी अल्प्राझोलामची गोळी, मग एका मांडीत भुलीचं केटामिन ५ मिग्रॅ प्रति किलो, दुसऱ्या मांडीत अ‍ॅट्रोपिन.

केटामिनच का? श्वास चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फार सैलावत नाहीत म्हणून अंग कमी गार होतं. तोटा म्हणजे लाळ खूप सुटते. तोंडाभोवती बंद मुखवटा आणि आत लाळ म्हणजे गुदमरणं. अ‍ॅट्रोपिन त्यासाठी, लाळ आटवायला.

स्नायूत दिलेल्या केटामिनचा असर अर्धा-पाऊण तास. प्रवास तीन तासांच्या आसपास. म्हणून वाटेत पुन्हा निम्मा डोस, आणि तो देणारे डॉक्टर नव्हेत, पाणबुडे. आधी भरून ठेवलेल्या सिरिंज, वेटसूटवरूनच मांडीत टोचायच्या. हे सगळं शस्त्रक्रियागृहात मॉनिटर लावून करतानाही डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, तिथे हातातलं दिसत नव्हतं. कुणी यावरून प्रयोग सुचवू नका.

अक्का
हात बांधले होते ना म्हणे?

भूलतज्ज्ञ_नाशिक
हो अक्का, पाठीमागे. अर्धवट जाग आली की माणूस पहिलं काय करतो, तोंडावरचं ओढून काढतो. पाण्याखाली तेच शेवटचं ठरतं.

मालवणचो_पाणबुडो
गुहेतल्या डायव्हिंगचा नियम तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा हवा जाताना, एक येताना, एक राखीव. उघड्या समुद्रात काही बिघडलं तर हळूहळू वर येता, तिथे वर दगड आहे. टाक्या पाठीवर लावल्या तर चिंचोळीत अडकतात, म्हणून कुशीला. आणि दोरी. गाळाने काही दिसत नाही, हात दोरीवरच. दोरी ढिली पडली की कपारीत शिरते, ती जाते तिथून माणूस जात नाही.

मुलांना पुऱ्या चेहऱ्याचे मुखवटे लावले, आत दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त. कडेने फट राहिली तर हवा बाहेर जाते, पाणी आत येत नाही. पण लहान चेहऱ्याला मोठा मुखवटा ही खरी डोकेदुखी, म्हणून तिथल्या शाळेच्या तलावात त्याच चणीच्या मुलांवर आधी तालीम केली. टाकी छातीच्या बाजूला बांधली. तिसऱ्या दालनापासून बाहेर तोंडापर्यंत स्ट्रेचर, दोरखंड, हातोहात.

रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन या ब्रिटिश पाणबुड्यांना मुलं सापडली तेव्हा ते दोरी टाकतच पुढे जात होते. तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत.

रात्रपाळी
समान कुनान यांचं नाव राहू नये. थाई नौदलाच्या 'सील' कमांडो पथकातले माजी जवान, स्वेच्छेने आलेले. ६ जुलैला हवेच्या टाक्या आत ठेवून परतताना गेले.

भूलतज्ज्ञ_नाशिक
🙏 तेव्हा आतल्या हवेत ऑक्सिजन १५ टक्क्यांवर उतरला होता, बाहेर २१ असतो. पावसाळा संपेपर्यंत आत ठेवू, जेवण पोचवू, हा पर्याय त्या आकड्याने जवळजवळ मोडीत काढला.

खवय्या_कोथरूड
मुलांनी सापडल्यावर काप्राव मागितला होता ना? तुळस घातलेला थाई परतलेला खिमा.

भूलतज्ज्ञ_नाशिक
मागितला, पण लगेच द्यायचा नसतो. नऊ-दहा दिवसांच्या उपासानंतर एकदम पोटभर भात घातला तर इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडते. आधी पातळ पेज, थोडी थोडी, बरोबर जीवनसत्त्व बी-१. घरात कुणी मोठे उपास करत असेल तर सोडतानाही हेच लक्षात ठेवा.

खवय्या_कोथरूड
मग निरोगी लोकांसाठी काप्राव 😋 दोघांना: २५० ग्रॅम चिकन खिमा, ७-८ लसूण पाकळ्या, ५ लाल मिरच्या. लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचा, मिक्सरमध्ये पाणी सुटतं. कढई धूर येईतो तापवा, २ चमचे तेल, ठेचा अर्धा मिनिट, मग खिमा. पाणी आटल्यावर १ मोठा चमचा ऑयस्टर सॉस, १ फिश सॉस, अर्धा लहान चमचा साखर. गॅस बंद करून मगच मूठभर पानं. आधी घातली तर काळी पडतात, वास उडतो. पिझ्झावाली बेसिल नको, ती गोड लागते. काप्राव ही आपलीच तुळस.

अक्का
वृंदावनातली तोडू नका म्हणजे झालं. आणि द्वादशीला तर हातही लावू नका.

खवय्या_कोथरूड
@अक्का चिकनसाठी वेगळी कुंडी लावतो, शपथ.

बँकॉक_पुणे
त्या वर्षीचं कामाचं: ऑन अरायव्हल व्हिसाची २,००० बाट फी १५ नोव्हेंबर २०१८ पासून भारतासह २१ देशांना माफ केली होती, आधी १३ जानेवारीपर्यंत, मग मुदत वाढली. १५ दिवस मुक्काम, ४×६ सेंमी फोटो, परतीचं तिकीट, माणशी १०,००० बाट जवळ. लोक फोटो विसरायचे. आताचे नियम वेगळे आहेत, हे धरून जाऊ नका.

आणि तिकडच्या कागदावर २०१८ शोधू नका, २५६१ लिहिलेलं असतं. बौद्ध सन, ५४३ मिळवायचे. औषधाच्या पाकिटावर नुसतं ६१ दिसलं तर गोंधळू नका.

मालवणचो_पाणबुडो
त्याच आठवड्यात, ५ जुलैला, फुकेटजवळ 'फीनिक्स' बोट उलटली, ४७ चिनी पर्यटक गेले. गुहेच्या बातमीत ती इकडे दबली. हवामानाचा इशारा असताना बोट निघत असेल तर तिकिटाचे पैसे सोडा. आणि फुगलेलं जॅकेट घालून केबिनमध्ये बसू नका, बोट उलटली की ते तुम्हाला छताशी दाबून ठेवतं. जॅकेट घाला, पण डेकवर बसा.

झऱ्याचं_पाणी
१ जूनला सोंगक्ला प्रांतात एक पायलट व्हेल मेला, पोटात ८० प्लास्टिक पिशव्या, वजन ८ किलो. जठर भरलेलं, त्यामुळे खाणं बंद. त्याच दिवसापासून फी फी बेटांवरचा माया बे हा किनारा पर्यटकांना बंद केला. दिवसाला ५,००० माणसं आणि बोटींचे नांगर, प्रवाळ मोडून गेलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये उघडला, बोटी आता मागच्या बाजूला लागतात.

पलूसची_मी
अय्या, आमचं ऑगस्टमध्ये ठरतंय. उघडा असतो का?

बँकॉक_पुणे
नाही हो ताई. ऑगस्ट-सप्टेंबर दरवर्षी बंद. ऑक्टोबरात जा, पण मग व्यवस्थित पोहायचं म्हणाल तर तेही नाही, गुडघाभर पाण्यातच उभं राहू देतात.

पलूसची_मी
गुडघाभर पाण्यासाठी विमान? मग कृष्णाकाठीच बरं.