मदत हवी आहे: रेशनकार्डावर रखमाबाई, आधारवर रुक्मिणी

नमस्कार मंडळी. आई अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलंय. पहाटेची एसटी चुकली की जीप, आणि जीपवाला दहावं माणूस कोंबल्याशिवाय हलत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, डायलिसिसही त्यात बसतं. पण रुग्णालयातले आरोग्यमित्र म्हणतात, नाव जुळत नाही. तहसीलला तीन चकरा झाल्या, दर वेळी नवाच कागद. (सर्व्हर डाऊन ते वेगळंच.) तोवर खिशातून चाललंय, एक गाय विकली.

नाव आधारवर बदलावं की रेशनकार्डावर? लवकर कुठलं होतं? नुसतं प्रतिज्ञापत्र चालतं का? आणि संगमनेरच्या अलीकडे मोफत डायलिसिस कुठे होतं का?